बोंडांच्या गॅसचा पंचनामा

रत्नागिरी जिल्ह्यात ज्यांच्यावर मी कधीही संतापलो नाही असे एकच गृहस्थ होऊन गेले, ते म्हणजे माझे व्याही. मुलीच्या सासऱ्यावर संतापण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. त्यामुळे तो सगळा संताप मी सरकारला पत्रांतून कळवीत असे.

व्याही तंत्रशाळेत लोहारकाम शिकवून निवृत्त झाले होते आणि जे जे कुजते ते ते त्यांना इंधन दिसे. लग्नाच्या पंगतीत मी हात जोडून उभा असताना त्यांनी उष्ट्या पत्रावळींचा ओलावा अंगठ्याने तपासला आणि समाधानाने मान हलवली. ती पसंती स्वयंपाकाला होती असे माझी पत्नी आजही समजते. सिलिंडरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे, त्या काळातली ही गोष्ट. बी काढून घेतल्यावर भाट्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, काजूची बोंडे कुजत पडत. व्याह्यांनी ती परसातल्या टाकीत भरली, आंबटपणा मारायला चुना घातला, शेणाचे नुसते विरजण लावले आणि वर गॅस साठायला लोखंडी पिंप उलटे तरंगत ठेवले. पिंप गंजत चालले होते. नवे न मिळाल्यास प्रयोग तिथेच संपणार होता. म्हणून अनुदानाचा अर्ज केला. उत्तर आले : प्रयोग यशस्वी झाल्याचा शासकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

"यशस्वी झाल्यावर अनुदान काय चुलीत घालायचंय?" व्याही शांतपणे म्हणाले. मी मात्र पत्रांवर पत्रे धाडली. ज्या जोखमीला व्यापारी हात लावीत नाही ती उचलण्यासाठीच शासन असते. संशोधनाचा पैसा हे बक्षीस नसून बियाणे होय, असे कळवले. दाखला द्यायला कोणी फिरकले नाही.

फिरकला तो दारू पकडणारा इन्स्पेक्टर. आंबूस वासावरून शेजाऱ्यांनी भट्टीची वर्दी दिली होती.

"काय हो मास्तर, हे काय लावलंत?"

"चुलीची सोय. संशय असेल तर चाखून बघा."

त्याने झाकणापाशी नाक नेले आणि टोपीने तोंड झाकले. "ही दारू असेल तर गाव आपोआप सुधारेल."

व्याह्यांनी नळी उघडून काडी ओढली. निळी ज्योत लागली, विहीणबाईंनी आधण ठेवले. पंच म्हणून मी होतोच. इन्स्पेक्टरने प्रामाणिकपणे लिहिले : 'टाकीत मद्य नाही. टाकीतून निघणाऱ्या वायूवर पंचांसमक्ष चहा उकळला व सर्वांनी घेतला.'

खाली शासकीय अधिकाऱ्याची सही होती. कोणत्या खात्याचा अधिकारी, हे अटीत म्हटलेच नव्हते. पंचनाम्याची नक्कल मी अर्जाला जोडली आणि अनुदान मंजूर झाले. छातीवरचा धोंडा उतरला. त्या रात्री मी मनात कोणताही मसुदा न जुळवता झोपलो.

"सुटलो," व्याही मला म्हणाले. "आता चुकायला मोकळा."

मग नव्या पिंपाखाली ते मनसोक्त चुकले. फणसाचे चारखंड, म्हणजे गरे काढून उरलेला चोथा घालून, माशांची खवले घालून. आता ते नाहीत. हंगामात सड्यावर वाया जाणाऱ्या बोंडांचा तो आंबूस वास आला, की मी रागाने लेखणी उचलतो; मायना लिहितो, आणि पुढचे राहू देऊन घरात चहा टाकायला सांगतो.