उलट्या तोंडाची सीट

लोहाऱ्याहून यवतमाळला येणाऱ्या ऑटोत मागची उलट्या तोंडाची सीट कोणालाच नको असते. धूळ थेट नाकात जाते आणि पाय बाहेर लोंबतात. साठीतले एक काका मात्र पुढे जागा असली तरी तिथेच बसतात. कानाला दुपट्टा गुंडाळतात, छत्री गुडघ्यांवर आडवी धरतात, आणि मग त्यांच्या बातम्या सुरू होतात.

"मागून ट्रक येऊन राह्यला. घाईत दिसते."

"काका, मले आरसा हाय," ऑटोवाला वैतागतो.

"आरसा बोंबलते काय?"

परवा मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसलो होतो. विचारलंच, "काका, तुम्ही रोज मागं काहून बसता?"

"आमचा आजा मोठ्या लढाईत बॉम्बच्या विमानात होता, ब्रह्मदेशाकडं. विमानात दोघंच. चालवणारा पुढं तोंड करून, आजा बंदूक घेऊन मागं तोंड करून. सारी लढाई त्यानं उलटीच पाह्यली. आपण कुठं चाललो, हे त्याले पोचल्यावर समजे."

मी हसलो. ऑटोवालाही हसला.

"एक दिवस जातानाच विमान पाडलं," काका त्याच आवाजात म्हणाले. "चालवणाऱ्यानं मरताना दुश्मन पाह्यला असन. आज्याचं तोंड घराकडं होतं."

मागे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, पण त्याची बातमी काही आली नाही.

ऑटोवाल्याने आरशात पाहिलं नाही. त्याने विचारलं, "काका, मागं काय हाय?"