एका माणसाची एक सही

गांधीबागेच्या कापडबाजारात साड्यांना फॉल लावणारी एक बाई मला दुपारी नेहमी भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. देशांनी आपसातली भांडणं बॉम्ब टाकून नव्हे, जगाच्या न्यायालयात जाऊन सोडवावीत, अशा मागणीच्या अर्जावर ती सह्या गोळा करायची. बोलताना तिची नजर लांब कुठेतरी लागलेली असे. कापडाच्या गठ्ठ्यांवर ऊन पडलेलं, त्यात सुताचे बारीक धागे तरंगत असायचे. तिचा संथ आवाज ऐकता ऐकता बाजाराचा गलका मला ऐकूच यायचा नाही.

एकदा एका शेठजींनी दुकानातल्या सगळ्या नोकर-हमालांच्या सह्या स्वतःच करून टाकल्या.

"घ्या मावशी, भरला तुमचा कागद."

महिनाभरात तिला एवढ्या सह्या मिळाल्या नव्हत्या. तिने तो कागद शांतपणे फाडला.

"काहून फाडला वं मावशी?" दारातल्या हमालाने विचारलं.

"तुले न विचारता तुह्यं नाव लिहिलं गा त्याच्यात. असा खोटा कागद घेऊन न्याय मांगाचा काय?"

मग तिने नवा अर्ज त्याला सावकाश वाचून दाखवला. त्याने ऐकलं, दोन शंका विचारल्या, नळावर जाऊन हात धुतले आणि एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं.