सोयाबीनचा गोंद आणि माझी डॉक्टरेट

कळमेश्वरच्या प्लायवूड कारखान्यात मी रुजू झाले, तेव्हा आमच्या मालकांना पर्यावरणाचा पुळका नुकताच आला होता. म्हणजे परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं की, तुमच्या गोंदातून विषारी वायू येतो का? येतच होता. फळ्या दाबून चिकटवणारी गरम प्रेस उघडली की ऑपरेटरचे डोळे गळायचे. पण ऑपरेटरचे डोळे काही परदेशात नव्हते.

मला कँटीनमागची खोली मिळाली. तिचं नाव संशोधन विभाग. तेल काढून उरलेल्या सोयाबीन पेंडीच्या पिठापासून मी रोज सकाळी दिवसभराचा गोंद करू लागले. सकाळी चिकटवलेल्या फळ्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास टिकायच्या. दुपारच्या मात्र अर्ध्या तासात पापडासारख्या सुटायच्या. मी पाण्याला दोष दिला, लाकडाला दिला, नागपूरच्या मे महिन्याला दिला. डॉक्टरेट असल्यामुळे स्वतःला देता येत नव्हता.

एक दिवस प्रेसचा ऑपरेटर दारात येऊन उभा राहिला. उमरेडच्या विणकरांच्या घरातला, साठीकडे आलेला माणूस.

"मॅडम, रागावू नका. तुमची खळ दुपारपर्यंत नासून राहिली."

"खळ?"

"विणायच्या आधी सुताले लावतो ते, पिठाची. माही माय रोज लागन तेवढीच शिजवे. उन्हाळ्यात उरली त फेकून द्या लागे."

त्याने गोंदाच्या बादलीत बोट बुडवून दोन बोटांमध्ये ताणून दाखवलं. तार आलीच नाही. मी तीन महिने ज्याचे आलेख काढत होते, ते त्याने तीन सेकंदांत सांगितलं. मला लाजही वाटली आणि त्याचा रागही आला.

दुसऱ्या दिवसापासून दर दोन तासांनी थोडाथोडाच गोंद केला. दुपारची फळीही टिकली. मालक रामदासपेठेच्या ऑफिसातून खास आले, फळी हुंगली आणि काळजीत पडले. "मॅडम, याला वासच नाही. गिऱ्हाइकाला माल मजबूत वाटणार कसा?"

म्हणून एका प्रेसवर नवा गोंद, दुसरीवर जुना वासाचा, असं ठरलं. आणि जुन्या प्रेसवर अनुभवी माणूस हवा, म्हणून ऑपरेटरची बदली तिकडेच झाली.

मी मालकांना म्हणाले, "मग गोंद शिळा झाला हे कोण सांगणार? मला तर कळत नाही."

"तुम्ही डॉक्टर ना?"

"म्हणूनच."

दोन दिवस मी गोंद केलाच नाही. तिसऱ्या दिवशी परदेशी गिऱ्हाइकाचा माल अडला आणि मालकांचा फोन आला. मी कारखान्यात गेले तेव्हा ऑपरेटर नव्या प्रेसजवळ बादली ढवळत होता.

"काहून एवढं भांडल्या, मॅडम?" तो म्हणाला, आणि मला जवळ बोलावून तार कशी ताणून पाहायची ते शिकवू लागला.