घरच्या माणसांनी पाणी घाला

माझा राग नाकावर. शाळेत पोरी मला टरकून असायच्या. नल्लकुंट्यातल्या आमच्या दारात एका सकाळी युनियनची बाई आली, तेव्हा मी तिला आतसुद्धा घेतलं नाही. आजाऱ्यांपाशी घरोघरी राहणाऱ्या आयांची ती युनियन. बाईच्या हातात छापील कागद होता. ही तुमच्याकडे कामाला आहे, तिला आठवड्याची एक सुट्टी आहे, आणि खाली माझी सही, एवढंच.

"कसली सही नि कसलं काय!" मी म्हटलं. "ती आमच्या घरचीच आहे. घरच्या माणसाला कोणी कागद करून देतं का?"

आमची आया माझ्या मागेच उभी होती. मला वाटलं, सुखावली असेल.

माझी आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. तिच्यापाशी ही बाई एकूण चार वर्षं राहिली. कूस बदलायची, अंग पुसायची, वेणी घालायची. आईला गिळता येत नव्हतं. ही चमचाभर पाणी घालायची, आईच्या गळ्यावर बोट ठेवून थांबायची, घोट उतरला की मग दुसरा चमचा. मी घातलं की आईला हमखास ठसका लागायचा. मग आई तिच्याकडे बघायची आणि मी चिडायचे.

तिची स्वतःची म्हातारी आई वरंगलच्या बाजूला एका खेड्यात, भावजयीच्या हवाली. दोन-तीन महिन्यांतून एकदा ही जाऊन यायची, तेही मला सवड असली तर. युनियनचा कागद परत पाठवून महिना झाला असेल. एका गुरुवारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अक्का, मेरी अम्मा पानी बी नै पीरी. इतवार को जाके आती."

त्याच रविवारी चिक्कडपल्लीला भाचीचं केळवण होतं. सगळा घाट मीच घातलेला. "अगं बाई, नेमकं आत्ताच?" मी म्हटलं. "आईपाशी कोण बसणार? पुढच्या रविवारी जा. घरची माणसं अशी अडचणीत टाकून जातात का?"

ती गेली नाही. मी केळवणात आग्रह करकरून जिलब्या वाढल्या. मंगळवारी सकाळी तिला फोन आला तेव्हा ती आईचे केस विंचरत होती. तिने फोन ठेवला, वेणी पुरी घातली आणि मग मोरीत जाऊन रडली. शेवटचं पाणी घालायला मी नव्हते, एवढंच परत परत म्हणत होती. मी तिला रिक्षात बसवून दिलं आणि वर म्हटलं, "पाच दिवसांत ये हो." जीभ कशी झडली नाही माझी!

ती पाचव्या दिवशी आली.

माझी आई त्यानंतर वर्षभराने गेली, सकाळी दहाच्या सुमाराला. पुण्याहून भाऊ आला होता. आईला श्वास लागला तशी त्याने गंगेच्या पाण्याची लोटी फोडली, तुळशीचं पान घेतलं आणि म्हणाला, "घरच्या माणसांनी पाणी घाला." भाऊ, वहिनी, भाची, मी. एकेक जण पुढे झालो. पाणी आईच्या ओठाच्या कडेने उशीवर ओघळत होतं. आया दाराशी उभी होती, हातात नेहमीचा चमचा. तिला कोणी बोलावलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या गडबडीत सुचलंच नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. सुचलं होतं.

तेराव्याला तिला साडी दिली. तिने घेतली, नमस्कार केला आणि गेली.

त्यानंतर घरात मन लागेना. दीड महिन्याने मी आपणहून कोठीला गेले. पुस्तकांच्या दुकानांवरच्या माडीत युनियनची खोली. आया तिथे सतरंजीवर बसली होती. मला पाहून उठली, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. सही करायला आलेय, मी म्हटलं. युनियनच्या बाईने तसाच कागद काढला. पुढच्या घरी दाखवायला उपयोगी पडेल, म्हणाली.

कामाच्या रकान्यात मी लिहू लागले, ही आमच्या घरच्यासारखी... आयाने कागदावर तळवा ठेवला.

"घर की नक्को लिखो, अक्का," ती हळूच म्हणाली. "काम करी, उत्ताच लिखो."

मी ते खोडलं. आयाचं काम, चार वर्षं, असं लिहिलं. शेवटचा रकाना होता, आठवड्याची सुट्टी दिली होती का. दोघी जणी माझ्या हाताकडे बघत होत्या. मी "नाही" लिहिलं आणि खाली सही केली.