भुरीच्या रूपाचा केक

सत्यशीला सकाळपासून खाली टेकली नव्हती. पहाटे सडा, देवपूजा, भाकरी; मग दुपार कलेपर्यंत लोकाच्या सोयाबीनमध्ये खुरपणं. तिथून आली ती थेट कुकरपुढंच.

आज लेकीला, शिवकन्येला, सातवं लागत होतं. वर्गातल्या एकीनं मोटारीच्या आकाराचा केक कापला, तेव्हापासून पोरीनं धोसरा काढला होता, मला भुरीचा पाहिजे. भुरी म्हणजे त्यांच्या मेंढ्यांतलं धाकटं कोकरू. शाळेतून आली की शिवकन्या आधी तिच्या गळ्यात पडायची, मग आईकडं यायची.

“आमच्या टायमाला मायनं डोक्यावरून न्हाऊ घातलं का झाला वाढदिवस,” ओसरीवरून सासू मनकर्णाबाई म्हणाल्या. “आता कोकराचे केक करायल्यात.”

“कबूल झाले ना मी, आत्या.”

“मग कर की. मी कुठं तुझा हात धरलाय?”

शिट्टी अन् रबर काढून, तळाला मीठ घालून तिनं कुकर तापवला. रवा-मैद्याचं पीठ दह्यात भिजवलेलं होतं. डब्यात धड झालं, वाटीत तोंड. सायीनं दोन्ही जोडली. खोबऱ्याचा कीस भुरा होईस्तोवर भाजून वरून दाट थापला, बिस्किटाचे कान, मनुकांचे डोळे. कंबर मोडून आली होती. कोणतीही नवी वस्तू देवापुढं ठेवताना जसं करायची, तसं तिनं सवयीनं कोकराच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि हात जोडले.

दिवेलागणीला गल्लीतली पोरं जमली. औक्षण झालं. शिवकन्येच्या हातात सुरी दिली, अन् तिचं लक्ष कपाळाकडं गेलं. सुरी खाली पडली.

“कुंकू का लावलंस?”

सत्यशीलेच्या तेव्हा ध्यानात आलं. जत्रेला ज्या बोकडाला कुंकू लागतं, तो परत येत नाही, हे पोरीनं पाहिलेलं होतं.

“भुरीला कापणार तुमी,” म्हणत ती ताटावर आडवी झाली. कुणालाच हात लावू देईना. सत्यशीलेनं कुंकू पुसायला पदर पुढं केला, तर ते किसात आणखीच पसरलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सत्यशीलेला वाटलं, दिवसभराचे कष्ट मातीत गेले. समजूत घालायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं.

सासरे रायभान उठले, नातीशेजारी बसले.

“कुंकू काय कापायलाच लावत्यात व्हय? तुझं जावळ काढलं तवा तुला लावलं नव्हतं?”

“लावलं होतं.”

“मग. भुरीचं जावळ काढायचंय आज. मी मेंढी कातरतो तवा तिला दुखतंय का?”

“न्हाई.”

“मग धर चमचा. पोटापासून सुरू कर, कानाला धक्का लावू नको.”

शिवकन्येनं नाक पुसलं आणि खोबरं खरवडायला लागली. एकेका पोराच्या हातावर चमचा चमचा लोकर. लोकर संपली तसा खाली नुसता तपकिरी केक उरला. तो पोरांनी हातांनीच मोडून खाल्ला. तोंडाला मात्र कुणी हात लावला नाही. सत्यशीलेनं ते उचलून देवघरात ठेवलं.

मग ती भिंतीला टेकून बसली. शिवकन्येनं मुठीत जपलेलं खोबरं तिच्या तोंडात घातलं.

“पुढच्या साली मोटारीचाच कर बाई,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“बघू, आत्या,” ती म्हणाली. खोबरं चावायचं राहिलं होतं, अन् डोळे मिटायला लागले होते.