पंखा बंद करून घेतलेला कौल

मंगळवारी सकाळी सात वाजता आमच्या शेजारच्या सावंतबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावला. बाईंनी जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं, आणि देवाने होकार दिल्याशिवाय ते तयार होणार नव्हते.

गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार.

"आधी तो पंखा बंद करा," बाई म्हणाल्या. "वाऱ्याने पडली तर ते देवाचं उत्तर कसं?"

समईचा उजेड काळ्या दगडावर संथ हलत राहिला. पाणी सुकलं की पाकळी सुटते, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी सगळे श्वास रोखून उभे होते. प्रयोगशाळेतही माणूस असाच उभा राहत असेल, उत्तर आपल्या हातात नाही हे मान्य करून.

डावी पडली.

"पुन्हा लावा. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत."

"अगो, देवाची परीक्षा घेतेस?" नवरा म्हणाला.

"तुमच्यासाठी घेते."

गुरवाने हसून पाकळ्या भिजवल्या. दुसऱ्यांदा उजवी पडली. तिसऱ्यांदाही उजवीच.

गुरुवारी सकाळी आठ वाजता नवऱ्याने ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही केली.