डिझेलविना गस्त

आमच्या सागरी पोलीस चौकीत मुंबईहून पैसा यायला वर्ष लागायचं. किस्से मात्र जागच्या जागी तयार! रेडीच्या बाजूला, सुरूच्या बनात चौकी. मी तिथे वायरलेसवर होतो. दुपारी समुद्र इतका निवांत असायचा, की आपण जागे आहोत की नाही तेच कळायचं नाही.

*

गस्तीची बोट आली. झेंडूच्या माळा, नारळ, फोटो! पाहुणे गेल्यावर चौकीच्या साहेबांनी आदेश नीट वाचला. बोट मंजूर, चालकाचं पद नामंजूर!

कित्येक महिने ती नुसती भरती-ओहोटीवर वरखाली होत राहिली. आम्ही तिच्यात बसून चहा प्यायचो. शेवटी कंत्राटावर इनास आला, जन्म दर्यावर काढलेला. बोटीवरून हात फिरवत म्हणाला, "निजलीहा रे ही. हळूच उठवया."

*

मार्च एंड. आम्हाला हवे होते इंजिनाचे पार्ट. पैसे शिल्लक फर्निचरच्या हेडखाली. खर्च करा, नाहीतर परत! आल्या चाकांच्या फिरत्या खुर्च्या.

चाकं वाळूत रुतली, पण खुर्च्या फिरायच्या. संध्याकाळी आम्ही ओळीने बसून संथ गिरक्या घ्यायचो. समुद्र, माड, डोंगर, पुन्हा समुद्र... इनास म्हणाला, "साहेबानू, आता चारय दिशांनी गस्त!"

*

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढलेली, त्यामुळे डिझेल उरलं. वरून शेरा आला, 'गरज कमी', आणि पुढचा कोटाच कापला.

इनास वैतागला. "पावसात उपास केलो, म्हणान दिवाळीचा जेवाण तोडल्यानी!"

*

आणि मग ती एप्रिलची सकाळ. नवं अनुदान आलेलं नाही, बोटीची टाकी कोरडी. समुद्रावर दुधासारखं धुकं. मासे विकणारी सुलभाताई धावत आली. तिचा भाऊ दाजी एकटाच होडी घेऊन गेलेला, इंजिन बंद पडलेलं, आणि फोनही मध्येच तुटलेला.

"माझ्या होडयेतला डिझेल घेवा, पण तुमची बोट काढा!"

साहेबांचा चेहरा पडला. "ताई, खाजगी डिझेल सरकारी टाकीत घेता येत नाही."

तिने किनाऱ्यावरच्या आपल्या होडीकडे हात केला. "मगे सरकारी माणसांका माझ्या होडयेत बसूक चलता मां?"

साहेब बूट काढून पाण्यात उतरले. आम्ही मागोमाग. सुकाणू इनासकडे. धुक्यात ना किनारा, ना आभाळ, सुलभाताई तेवढी हाका मारत होती, "दाजी रे... दाजी..." आवाज विरून जायचा.

बऱ्याच वेळाने धुक्यातून बारीकशी 'ओ' आली. दाजी होडीत उभा होता. सुलभाताई रडायलाच लागली. इनासने दोर फेकला. दाजीने तो पकडला, बहिणीच्या होडीत दाटीवाटीने बसलेले खाकीवाले पाहिले आणि तो बुचकळ्यात पडला.

"साहेबानू, सरकारी बोट खंय आसा?"

साहेब ओल्या पँटीने ताठ बसले आणि म्हणाले, "सुरक्षित आहे."